धरणाच्या पाण्यावर पहिल्यांदा जाताना : नाशिककरांसाठी वल्हं आणि गळ

नाशिकच्या आसपास होडी घालण्याजोगं जे पाणी आहे, ते जवळजवळ सगळं धरणांचं आहे. गंगापूर, काश्यपी, आळंदी, वालदेवी, दारणा, मुकणे, भावली अशी भली मोठी यादी होते. पण या पाण्याचे हक्कदारही तेवढेच आहेत. शहराचे नळ, कालव्याखालची शेती, खाली वाट बघत असलेलं जायकवाडी, आणि पाण्यातल्या मासळीवर मच्छीमार संस्था. हौसेनं कयाक घेऊन येणारा किंवा रविवारी गळ टाकून बसणारा माणूस या रांगेत शेवटी उभा असतो. नवख्याची निम्मी अडचण इथेच होते. तो यूट्यूबवर वल्हं मारायला शिकून येतो, पण पाणी किती खाली गेलंय, वारा कुठून येतोय आणि इथं उतरायला कुणाला विचारायचं, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून आधी पाण्याबद्दल, वल्ह्याचं नंतर.

कुठं सुरुवात करायची

पहिल्या वेळेला गंगापूर धरण, आणि तेही स्वतःची होडी नेऊन नव्हे, तर बोट क्लबच्या बाजूनं. शहरापासून बारा-पंधरा किलोमीटर. गंगापूर रोडनं सोमेश्वर मागं टाकायचं, गंगापूर गाव ओलांडायचं आणि सावरगावच्या बाजूला वळायचं. पर्यटन महामंडळाचा बोट क्लब धरणाच्या काठावरच आहे. निघण्याआधी फोन नक्की करा. पाणी, हवामान आणि ठेका यांच्या लहरीवर बोटिंग चालू-बंद होत असतं, दरही बदलतात. मोटरबोटीत बसून एक चक्कर मारून येण्यात पैसे घालवू नका असं मी म्हणणार नाही, उलट पहिल्यांदा तेच करा. काठावरून सपाट दिसणारं पाणी मध्यावर किती मोठं आहे, हे त्या चकरेतच कळतं. गंगापूरची मातीची भिंतच पावणेचार किलोमीटरहून लांब आहे. धरणाची साठवण क्षमता ५,६३० दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात रोज पेपरात वाचतो तो आकडा हाच.

घरात लहान मुलं असतील आणि पाण्याची भीती घालवणं एवढाच हेतू असेल, तर रामकुंडाजवळच्या गांधी तलावातली होडी पुरते. त्याला नौकानयन म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

दारणा (१९१६ चं, ब्रिटिशांच्या काळातलं), मुकणे, भावली हे इगतपुरीच्या बाजूचे जलाशय देखणे आहेत, पण तिथं काठावर मदतीला माणूस सापडेलच असं नाही. सोबतीला अनुभवी कुणी असेल तेव्हाच तिकडं जा. नांदूर मध्यमेश्वर मात्र या यादीत धरूच नका. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथल्या बंधाऱ्यामागचं ते पाणी पक्ष्यांचं अभयारण्य आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तेच. तिकडं जाताना वल्हं आणि गळ घरी ठेवा, दुर्बीण न्या आणि चापडगावच्या मनोऱ्यावरून बघा.

स्वतःची कयाक किंवा फुगवायची होडी घेतलीच असेल, तर पाण्यात घालण्याआधी जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात विचारा. धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे आणि पाणी उचलणारी जॅकवेल यांच्या जवळपास फिरकायचं नाही. हे नुसत्या नियमापुरतं नाही. जिथं पाणी खेचलं जातं तिथं वरून पृष्ठभाग शांत दिसतो आणि खाली ओढ असते.

पाणी किती आहे, हे आधी बघा

ऑक्टोबरात गंगापूर काठोकाठ असतं. मे महिन्यात त्याच जागी चिखलाचा पट्टा, भेगाळलेली काळी माती आणि उघडे पडलेले दगड. मधल्या सात महिन्यांत काठ दर आठवड्याला सरकत जातो. त्यातून दोन गोष्टी समजून घ्यायच्या.

पहिली, उतरण्याची जागा. दिवाळीला जिथून सहज होडी ढकलली, तिथंच होळीला गेलात तर पाणी शंभर पावलं आत गेलेलं असतं, आणि त्या शंभर पावलांत गुडघ्यापर्यंत गाळ. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओला असतो. आधी काठीनं चाचपा, मगच पाय टाका. पाणी उतरलं की काठावरच्या जमिनीवर गाळपेर होते, लोक तिथं पीक घेतात. त्या पिकातून होडी ओढत नेलीत तर बोलणी खाल, आणि ती खायलाच हवीत.

दुसरी गोष्ट पाण्याखालची. धरणात बुडालेल्या शेतांचे बांध, विहिरींची तोंडं, झाडांची खोडं आहेत. भरलेल्या धरणात ती खूप खोल असतात, त्यामुळं काही जाणवत नाही. फेब्रुवारी-मार्चपासून ती वर येऊ लागतात. फुगवायच्या होडीला एक बाभळीचा बुंधा पुरेसा असतो. उन्हाळ्यात मोकळ्या मध्याऐवजी ओळखीच्या काठानं चला आणि पुढं बघत चला.

पाणी अचानकही उतरतं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर समन्यायी पाणीवाटपाच्या धोरणानुसार नाशिक आणि नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. २०१५, २०१८ आणि २०२३ साली ते सोडलं होतं. राजकारण जे काय असेल ते असो, तुमच्यापुरता अर्थ एवढाच की ज्या आठवड्यात असं आवर्तन चालू असेल, त्या आठवड्यात नदीपात्रात उतरायचं नाही.

पावसाळ्याबद्दल नाशिककराला काय सांगायचं! गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठपर्यंत बुडाली यावर पुराची मापं घेणारं हे गाव. २०१९ चा ऑगस्ट सगळ्यांना आठवतो. तरीही दरवर्षी कुणीतरी विसर्ग चालू असताना सोमेश्वरच्या खालच्या पात्रात फोटो काढायला उतरतंच. विसर्ग क्यूसेकमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पाच हजार क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला एक लाख चाळीस हजार लिटर, साधारण दहा हजार लिटरचे १४ टँकर पाणी. एवढा गुणाकार मनात केला की पुढचं सांगावं लागत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत वल्हं भिंतीला टेकवून ठेवा.

वेळ आणि वारा

सकाळ. सूर्य उगवल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, फक्त थंडीची तयारी ठेवा. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा धरणाच्या काठावरही बोटं वाकत नाहीत. वल्ह्यावरून ओघळणारं पाणी मनगटात उतरतं आणि दहा मिनिटांत हात बधिर होतात. वल्ह्याच्या दांड्यावर पात्यापासून वीतभर अंतरावर दोन्ही बाजूंना रबरी चकती असते, ती याच्यासाठीच. तुमच्या वल्ह्याला नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळा.

मार्चनंतर दुपारी पश्चिमेचा वारा उठतो. त्र्यंबकच्या डोंगराकडून येतो आणि जलाशयाच्या लांबीवरून मोकळा धावतो, त्यामुळं लाटा वाढत जातात. पाण्यावर पांढरा फेस तुटायला लागला की नवख्यानं काठ गाठायचा, चर्चा करत बसायचं नाही. एक जुना नियम पाळा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी असू द्या. उलटं केलंत तर जाताना वाटतं आपल्याला छान जमलं, आणि परतताना वल्हं मारूनही होडी जागेवरच.

एप्रिल-मेमध्ये वळवाचं किंवा अवकाळी आभाळ दिसलं, लांबवर गडगडाट जरी ऐकू आला, तरी बाहेर निघा. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, आणि हातात लांब वल्हं असतं, गळवाल्याच्या हातात तर कार्बनची काठी.

काय घ्यायचं

लाइफ जॅकेट. पोहता येत असलं तरी. टायर ट्यूब किंवा थर्माकोलचा तुकडा म्हणजे जॅकेट नव्हे. स्थानिक मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावताना दिसतील, त्यांचं बघून तसं करायला जाऊ नका. त्यांचं अर्धं आयुष्य त्या पाण्यात गेलंय. जॅकेट वजनाप्रमाणे मिळतं. सगळे पट्टे आवळल्यावर मित्राला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीवर किंवा कानांपर्यंत सरकलं, तर ते सैल आहे, पाण्यात ते तुम्हाला सोडून वर जाईल. मुलांच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. बोटिंगच्या ठिकाणी दिलेलं जॅकेट फाटकं असेल, बक्कल तुटलेलं असेल, तर दुसरं मागा. संकोच करू नका, दुसरं मिळेपर्यंत होडीत बसू नका.

जॅकेटला शिट्टी बांधा. पाण्यावर आवाज लांब जातो, पण ओरडून घसा दोन मिनिटांत बसतो. मोबाइल झिपच्या प्लॅस्टिक पाऊचमध्ये, गळ्यात. पाणी प्यायला न्या. धरणाच्या मध्यावर बसून तहानलेला माणूस म्हणजे जरा लाजिरवाणं. टोपी, पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा शर्ट, पायात पट्ट्याच्या चपला किंवा जुने बूट. जीन्स नको, भिजली की दगड होते. काठावरच्या गवतात घोणस असते, म्हणून अंधारात अनवाणी चालू नका. पाण्यात डोकं वर काढून पोहणारा साप बहुतेक वेळा दिवड असतो, तो बिनविषारी. तो तुमच्याकडं येत नसतो, फक्त तुम्ही त्याच्या वाटेत असता.

आणि काठावर एक माणूस असू द्या, ज्याला तुम्ही किती वाजता परतणार हे माहीत आहे.

वल्हं मारायचं कसं

नवख्यासाठी सिट-ऑन-टॉप कयाक घ्या, म्हणजे वर बसायची, आत अडकायची नाही. ती रुंद असते, सहज उलटत नाही, आणि उलटली तरी पाणी आत साठत नाही.

दोन पात्यांचं वल्हं डोक्यावर आडवं धरा, कोपरं काटकोनात येतील इतकं हातांत अंतर ठेवा. तीच पकड. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडं. बरेच जण पहिल्या दिवशी उलटं धरतात आणि होडी का जात नाही म्हणून दमतात.

पातं पायांच्या रेषेत पाण्यात घालायचं आणि कमरेशी आलं की बाहेर काढायचं. कमरेच्या मागं ओढत राहिलात तर होडी पुढं जायचं सोडून वळते. ताकद दंडातून काढायची नाही. पोटाला पीळ द्यायचा, खांदे फिरवायचे, पायानं होडीला टेकू द्यायचा. अर्ध्या तासात फक्त दंड दुखत असतील, तर पीळ बसत नाहीये असं समजा. वळायचं असेल तर पातं होडीपासून लांब, मोठ्या कमानीत पुढून मागं फिरवा. डाव्या बाजूला फिरवलं की नाक उजवीकडं जातं. थांबायचं असेल तर तोच फटका उलटा.

रोइंग म्हणजे वेगळा खेळ. त्यात माणूस प्रवासाच्या दिशेकडं पाठ करून बसतो. दत्तू भोकनळचं नाव इथं घ्यायलाच हवं. चांदवडसारख्या टंचाईच्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोइंगला उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक घेऊन आला. तो वल्हवायला शिकला सैन्यात गेल्यावर. तेव्हा लहानपणी पाण्याजवळ राहायला नव्हतो ही सबब नाशिक जिल्ह्यात तरी चालत नाही.

उलटलात तर

उथळ पाण्यात, काठाजवळ, सोबत माणूस असताना एकदा मुद्दाम उलटून बघा. हा सराव केल्याशिवाय मध्यावर जाऊ नका.

पाण्यात पडल्यावर पहिलं काम, होडी पकडणं. काठ जवळ दिसतो म्हणून होडी सोडून पोहायला लागायचं नाही. पाण्यावरचं अंतर डोळ्यांना नेहमी कमी दिसतं. होडी तरंगते, लांबून दिसते, तिला धरून राहिलात तर तुम्हीही दिसता. वल्हं हातातून सुटू देऊ नका, किंवा ते दोरीनं होडीला बांधलेलं असू द्या.

होडी पालथी असेल तर मध्यभागी या, पलीकडची कड धरा, गुडघा अलीकडच्या कडेवर दाबा आणि अंगावर ओढून सुलटी करा. आता चढायचं. बाजूला उभं राहून अंग वर खेचू पाहिलं तर होडी पुन्हा तुमच्यावर येते. म्हणून आधी पाय मागं जोरात मारून शरीर पाण्यावर आडवं करा, मग एका झटक्यात छाती होडीवर सरकवा. क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे, पोट, बूड, पाय. आधी पोटावर आडवे पडा, मग कुशीवर वळून बूड बसकणीत टेकवा, शेवटी पाय आत घ्या. घाईनं पाय आधी घेतला की पुन्हा पाण्यात. दोन-तीन वेळा जमलं नाही तर थांबा, श्वास घ्या, शिट्टी वाजवा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

कुणी दुसरा बुडताना दिसला तर त्याच्याकडं झेप घेऊ नका. वल्हं, दोरी, ओढणी, रिकामा पाण्याचा कॅन, जे हाताला लागेल ते त्याच्याकडं टाका. एकाला वाचवायला दुसरा उतरला आणि दोघंही गेले, अशी बातमी आपल्याकडं दर उन्हाळ्यात येते.

गळ टाकायचा असेल तर

आधी परवानगी. धरणातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडून ठेक्यानं दिलेली असते, बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला. पाण्यात सोडलेलं बीज त्यांच्या पैशांचं असतं. गावात गेलात की संस्थेचं कोण ते लगेच कळतं. भेटा, नमस्कार करा, 'दादा, गळानं दोन तास बसू का?' असं विचारा. कुठं पैसे घेतील, कुठं नुसतं हो म्हणतील, कुठं नाही म्हणतील. नाही म्हटलं की निघा. जाळं तर हौशी माणसानं नेऊच नये. सुरुंग किंवा विष टाकून मासे मारणं हा गुन्हा आहे, आणि हा कायदा आजचा नाही, १८९७ पासूनचा आहे.

सुरुवातीला सामान फार लागत नाही. सात-आठ फुटांची काठी, साधं रीळ, ०.२५ ते ०.३० मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा), लहान-मध्यम हुक, थोडं शिसं आणि एक फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. हजार-दीड हजारात भागतं. पाच हजारांची काठी मासे जास्त देत नाही.

कुठला मासा कुठं चरतो, हे कळलं की निम्मं काम झालं. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडही वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी. म्हणजे एकाच जागी, त्याच कणकेच्या गोळ्यानं, फक्त फ्लोट वर-खाली सरकवून तुम्ही वेगवेगळ्या माशांना बोलावत असता. कणकेत थोडी शेंगदाण्याची पेंड मळा, गोळा बोराएवढा करा, आणि हुकाचं टोक किंचित बाहेर राहू द्या.

नवख्याला आधी लागते ती चिलापी. काठाजवळ, गांडुळाला, बिनदिक्कत. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५० च्या दशकात भारतात आला आणि आता सगळीकडं पसरलाय, त्यामुळं ती धरून नेल्याचं कुणाला दुःख नाही. चिलापी आमिष चिमटीनं तोडल्यासारखं खाते, फ्लोट नुसता थरथरतो. तेव्हा ओढायचं नाही. फ्लोट तिरका होऊन सरकायला लागला की मनगटानं हलका झटका. रोहूची तऱ्हा वेगळी, फ्लोट सावकाश बुडतो किंवा कधी चक्क वर उठून आडवा पडतो. मोठा मासा लागला तर काठी उभी धरा, तंगूस ताणलेला ठेवा आणि त्याला पळू द्या. ओढाताणीत तुटतो तो तंगूसच.

शिंगाळ्याला हात लावताना जपा. पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागं काटे असतात, टोचले की हात सुजतो. ओलं फडकं घेऊन डोक्यामागून धरा. मरळ गवताळ कडेला असते, हवेत श्वास घ्यायला वर येते. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका हलताना दिसला, तर खाली राखण करत नर-मादी असतात. तिथं गळ टाकू नका. ती जोडी गेली की इतर मासे पिल्लं फस्त करतात.

आपल्या कार्प माशांची वीण आषाढ-श्रावणात, नव्या पाण्यात होते. गटारी झाली की श्रावणात तसंही बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. तेवढे दोन महिने गळही बांधून ठेवला तर धरणाला बरं. लहान मासा लागला तर ओल्या हातानं धरून सोडा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, त्यात बगळे आणि पाणकावळे अडकतात.

परतताना होडी, वल्हं, गळाचा दोर सगळं काठावरच झटकून घ्या. गोदावरीतली पानवेल, म्हणजे जलपर्णी, एका तुकड्यातून वाढते, तो तुकडा तुमच्या होडीला चिकटून दुसऱ्या धरणात जायला नको. आणि पिशवी रिकामीच राहिली असेल, तर सकाळी संस्थेचे लोक जाळी काढून काठाला लागतात, तेव्हा तिथं थांबा. रोहू तुमच्यासमोर तोलून मिळतो. कल्ले लाल आहेत का ते बघा, बोटानं दाबल्यावर मांस परत वर येतंय का ते बघा, आणि तिथंच साफ करून घ्या.